बाटलीत सोलकढी दिसली तर मशीन तिथंच बंद करा : रेडिएटर बदलताना सुटणारे दोन पाइप आणि आपली किनारपट्टी

मे अखेरच्या अमावास्येच्या उधाणाला आमच्या खारेपाटातल्या एका बांधाला खांड गेली. फार मोठी नव्हती, आठ-दहा हातांची असेल. गावाने वर्गणी काढली, माती बघून ठेवली, जेसीबी ठरवला. पुढचं उधाण पौर्णिमेला, म्हणजे हातात पंधरा दिवस. काम दोन दिवसांचं. जेसीबी आला, अर्धा दिवस चालला आणि बांधावरच उभा राहिला. इंजिन चालू, बकेट वरखाली होतेय, पण चाक काय हलेना. पुढे नाही, मागे नाही.

ऑपरेटरने पुढचं झाकण उघडलं आणि रेडिएटरच्या जादा पाण्याची बाटली दाखवली. आत हिरवा कुलंट असायला हवा होता. होती ती सोलकढी. रंग तोच, दाटपणाही तोच, वर तेलाची साय.

आठच दिवसांपूर्वी त्या मशीनचा रेडिएटर हायवेवरच्या एका गॅरेजात बदलला होता. मालक आमच्या शेजारच्या गावचा. सेकंडहँड मशीन, कर्जावर घेतलेलं, स्वतःच चालवतो, गरज पडली की ऑपरेटर लावतो. गॅरेजवाल्याने रेडिएटर नवा टाकला, पाणी भरलं, गळती नाही बघून पैसे घेतले. दोघांपैकी कोणीही लबाडी केली नाही. तरीही गिअरबॉक्स गेला. रेडिएटर हजारांत येतो, गिअरबॉक्स लाखात जातो, आणि बांधाची खांड उघडी राहिली तर जे जातं त्याचा हिशेब खारेपाटातल्या माणसाला सांगायला नको. एकदा खारं पाणी शेतात बसलं की दोन-तीन वर्षं भात धड होत नाही.

ही एका मशीनची गोष्ट असती तर बातमी चार ओळींत संपली असती. पण गेल्या काही वर्षांत आपल्या रस्त्यांवर, बांधांवर, बंदरात जी वाहनं आली आहेत, त्यांच्यातल्या बऱ्याच जणांचा रेडिएटर आता नुसत्या पाण्याचा डबा राहिलेला नाही. त्यातून गिअरबॉक्सचं तेलही फिरतं. आपल्याकडचे मालक आणि मिस्त्री मात्र अजून पाण्याचाच हिशेब धरून चाललेत.

दांडी आहे म्हणून साधा गिअर नव्हे

आधी कुठल्या गाडीला हे लागू होतं ते बघू, नाहीतर उद्या सगळेच आपापल्या पिकअपखाली शिरतील.

आपल्याकडचे बहुतेक ट्रक, टेम्पो, मच्छीच्या पिकअप साध्या गिअरच्या आहेत. पायात क्लच, हातात दांडी. त्यांच्या गिअरबॉक्सातलं तेल तिथंच डबक्यासारखं राहतं, दात त्यात बुडून फिरतात, गरम झालं तर बाहेरची हवा त्याला थंड करते. त्यांच्या रेडिएटरला गिअर ऑइलचे पाइप नसतात. तिथे पाण्याचे होस सोडा, बोल्ट काढा, रेडिएटर बाहेर.

टॉर्क कन्व्हर्टरच्या गाडीचं तसं नाही. तिथे इंजिन आणि गिअरबॉक्स यांच्या मधे क्लच प्लेटच्या जागी तेलाने भरलेला एक बंद भोपळा असतो. इंजिनाच्या बाजूचा पंखा तेल ढकलतो, त्या तेलाच्या जोराने समोरचा पंखा फिरतो. चढाला किंवा मातीत बकेट रोवली की इंजिन जोरात फिरतं आणि चाक हळू. मधला फरक तेल घुसळण्यात जातो, आणि घुसळलेलं तेल तापतं. म्हणून ते तेल एका पाइपाने पुढे कूलरमध्ये पाठवतात आणि दुसऱ्या पाइपाने थंड करून परत आणतात. हा कूलर काही गाड्यांत रेडिएटरच्या पुढे वेगळी जाळी म्हणून असतो. काहींत तो रेडिएटरच्याच खालच्या किंवा बाजूच्या टाकीत लपवलेला असतो. बाहेरून दिसतात फक्त दोन तोंडं आणि त्याला जोडलेले दोन पाइप.

जेसीबी, म्हणजे आपण ज्याला सरसकट जेसीबी म्हणतो ते पुढे बकेट मागे हात असलेलं मशीन, याच जातीचं. त्याला गिअरची दांडी असते, म्हणून लोकांना वाटतं साधा गिअरबॉक्स आहे. पण पायात क्लच कुठे आहे बघा. नाही. स्टिअरिंगजवळच्या छोट्या दांडीने पुढे-मागे होतं, ते तेलाच्या दाबावर. उरण-न्हावा शेवा बंदरात आणि आजूबाजूच्या कंटेनर यार्डात कंटेनर उचलणारे रीच स्टॅकर असतात, त्यांचंही तसंच. बंदराच्या आत ट्रेलर ओढणारे ऑटोमॅटिक टर्मिनल ट्रॅक्टर, काही मोठे टिपर, शहरातल्या काही बस, आणि शनिवार-रविवारी काशीद-दिवेआगरला येणाऱ्या मोठ्या ऑटोमॅटिक गाड्या याच यादीत.

यात एक फसवणूक आहे. ‘ऑटोमॅटिक’ लिहिलेली प्रत्येक गाडी या प्रकारची नसते. हल्ली छोट्या मोटारींत आणि मोठ्या ट्रकमध्येही एएमटी नावाचा प्रकार येतो. आत साधाच क्लच, साधेच दात, फक्त दाबायचं काम पायाऐवजी यंत्र करतं. त्यांतल्या बहुतेकांना हे पाइप नसतात. आणखी काही गाड्यांत तेल रेडिएटरपर्यंत येतच नाही, उलट रेडिएटरचं पाणी गिअरबॉक्सवरच्या एका छोट्या डब्यात जाऊन तेल थंड करून येतं. त्यामुळे नावावर जाऊ नका. बोनेट उघडा, रेडिएटरच्या टाकीकडे जाणारे बोटाएवढे दोन लोखंडी पाइप किंवा जाड दाबाचे होस दिसतात का ते बघा. दिसले तर पुढचं सगळं तुमच्यासाठी आहे.

खारा वारा, खारं पाणी

रेडिएटर देशभर जातात, पण आपल्या किनाऱ्यावर लवकर जातात. कारणं आपण रोज बघतो. रेवस, करंजा, भरडखोल, दिघी, कुठलंही बंदर घ्या, मच्छीच्या गाडीतून बर्फाचं खारं पाणी रस्त्यावर गळतं, मागच्या गाडीच्या जाळीवर उडतं. वाऱ्यात मीठ आहेच. त्यावर लाल मातीची धूळ बसते आणि पहिल्या पावसात त्याचा गिलावा होतो.

त्याहून वाईट सवय म्हणजे पाणी कमी झालं की जवळच्या विहिरीची बादली ओतायची. खाडीकाठच्या विहिरी कशा आहेत ते आपल्याला माहीत आहे, उन्हाळ्यात चहासुद्धा मचूळ लागतो. ते मीठ आतून ॲल्युमिनियम खातं. वरून मुंबई-गोवा हायवेचं रेंगाळलेलं काम. माणगाव-इंदापूरला तासभर इंच-इंच सरकायचं, मग सुकेळी खिंडीचा चढ. उभ्या गाडीला समोरून वारा नाही, सगळा भार रेडिएटरच्या पंख्यावर.

पूर्वी रेडिएटर तांब्या-पितळेचे असत. भोक पडलं तर पेण, पनवेल, महाडला रेडिएटरवाला झाळून द्यायचा, दोन वर्षं बघायला नको. आता जाळी ॲल्युमिनियमची आणि टाकी बऱ्याचदा प्लास्टिकची, पत्र्याने दुमडून बसवलेली. झाळायचं नाव नाही, सरळ बदला. म्हणजे रेडिएटर ‘दुरुस्त’ करणारा कारागीर गेला आणि रेडिएटर ‘बदलणारा’ कोणीही झाला.

त्यात पुढची जागाही भरत चालली आहे. बीएस-६ आल्यापासून, म्हणजे एप्रिल २०२० पासून, इंजिनाभोवती पाइपांची गर्दी वाढली. १ ऑक्टोबर २०२५ पासून बनणाऱ्या मध्यम आणि जड ट्रकना ड्रायव्हरच्या केबिनला एसी सक्तीचा झाला. ड्रायव्हरसाठी ही चांगलीच गोष्ट, मे महिन्यात कळंबोलीच्या रांगेत उभं राहिलेल्याला विचारा. पण एसीची जाळी रेडिएटरच्या पुढे बसते. त्याच्या बाजूला हवेची जाळी, तेलाची जाळी. आजचा रेडिएटर काढणं म्हणजे चार थरांतला एक थर काढणं आहे. मिस्त्री तोच, पाने तेच, जागा कमी.

चूक नेमकी कुठे होते

त्या मशीनचं काय झालं ते मी दोन जाणकार मिस्त्रींना दाखवून समजून घेतलं. एक उरणच्या कंटेनर यार्डात रीच स्टॅकरवर काम करतो, दुसरा जेसीबीचाच जुना माणूस. दोघांचं निदान एकच.

जुना रेडिएटर काढताना पाइपाचे नट गंजलेले होते. ते एका पान्याने जोर लावून फिरवले. जुना रेडिएटर भंगारातच जाणार होता, त्याचं काय झालं याला महत्त्व नाही. पण नवा बसवतानाही एकच पाना वापरला. नट आवळताना रेडिएटरच्या टाकीतून बाहेर आलेलं तोंडही त्याच्याबरोबर किंचित फिरलं. बाहेर काही दिसलं नाही, थेंबही गळला नाही. आत मात्र कूलरचा जोड पिळवटला आणि सुटला.

पुढचं गणित दाबाचं. मशीन चालू असताना तेलाचा दाब पाण्यापेक्षा जास्त, म्हणून तेल पाण्यात घुसतं. बाटलीत सोलकढी दिसते ती त्यामुळे. (तेल लाल असेल तर सोलकढी, पिवळट असेल तर दुधाळ चहा. दिसतं ते तेलाच्या रंगावर.) संध्याकाळी मशीन बंद केलं की तेलाचा दाब शून्य होतो, पण गरम रेडिएटरमध्ये झाकणामुळे पाण्याचा दाब काही वेळ टिकतो. मग पाणी उलट तेलात घुसतं. म्हणजे दिवसा तेल पाण्यात, रात्री पाणी गिअरबॉक्सात. मालकाला दिसतं फक्त पहिलं, मारतं ते दुसरं.

गिअरबॉक्सातल्या पातळ क्लच प्लेटांवर घर्षणाचा थर गोंदाने चिकटवलेला असतो. पाणी आणि कुलंटमधलं ग्लायकॉल तो गोंद सोडवतं. थर सुटतो, भुगा होतो, बारीक वाटा बुजतात, प्लेट घसरते, आणि एक दिवस इंजिन ओरडतं पण चाक हलत नाही.

या प्रकरणात चार दिवस आणखी वाया गेले, कारण बाटलीत तेल दिसल्यावर पहिला अंदाज ‘हेड गास्केट गेलं’ असा काढला गेला. हा अंदाज सगळीकडे काढला जातो. हेड गास्केट गेलं तर पाण्यात इंजिन ऑइल येऊ शकतं, ते काळपट असतं, आणि अनेकदा बाटलीत बुडबुडेही येतात. इथे इंजिनाची ऑइल पट्टी स्वच्छ होती. गिअर ऑइलची पट्टी कोणी ओढून बघितलीच नाही. ती बघितली असती तर पहिल्याच दिवशी कळलं असतं, आणि कदाचित तेल बदलून, कूलर वेगळा करून गिअरबॉक्स वाचला असता. चार दिवस ते मशीन ‘बघू, चालतंय तोपर्यंत’ म्हणून चालवलं. चालवायलाच नको होतं.

रेडिएटर काढताना उभं राहून बघा

मी मिस्त्री नाही. पण शेतकऱ्याला जशी नांगरणी करणाऱ्या ट्रॅक्टरमागे उभं राहायची सवय असते, तशी मालकाने गॅरेजात उभं राहायची सवय लावायला हवी. त्या दोघांनी सांगितलं ते माझ्या शब्दांत लिहितो.

इंजिन पूर्ण गार होऊ द्या. गरम रेडिएटरचं झाकण उघडून तोंड भाजलेली माणसं प्रत्येक तालुक्यात आहेत. पाणी रस्त्यावर सोडू नका, भांड्यात धरा. कुलंट चवीला गोडसर आणि विषारी असतो, कुत्री-मांजरं, कोंबड्या चाटतात.

दोन पाइपांचा फोटो मोबाइलवर काढा, कुठला वर कुठला खाली. तारेने किंवा रंगाने खूण केली तर आणखी बरं. नटाभोवतीची माती ब्रशने झाडा, गंज असेल तर गंज सोडवणारं तेल मारून अर्धा तास थांबा. चहा प्या. हा अर्धा तास कोणी देत नाही, म्हणून पाइप पिळला जातो.

मग दोन पाने. एकाने रेडिएटरचं तोंड धरायचं, दुसऱ्याने पाइपाचा नट फिरवायचा. या नटासाठी एक खास पाना मिळतो, नटाला जवळजवळ पूर्ण वेढा घालतो, फक्त पाइप आत शिरेल एवढी फट असते. साधा फिक्स पाना नटाचे कोपरे गोल करतो, आणि मग लोक पाइप पान्यावर येतात. पाइप पाना हातात घेतलेला दिसला की काम थांबवा. काही नव्या गाड्यांत नटच नसतो, खटकन बसणारी क्लिप असते. ती पेचकसाने उचकटायची नाही, तिचं स्वतःचं छोटं हत्यार असतं, आणि काढलेली क्लिप परत न वापरता नवी टाकायची. जुनी क्लिप बसते, पण घाटात सुटते.

पाइप सुटला की तेल येणारच. ते स्वच्छ भांड्यात धरा आणि मोजून ठेवा, तेवढंच परत भरावं लागणार आहे. पाइपांची तोंडं लगेच बुचाने बंद करा. बुच नसेल तर स्वच्छ प्लास्टिक घट्ट बांधा. चिंधी कोंबायची नाही. चिंधीचा एक धागा आत गेला तर तो गिअरबॉक्सातल्या केसाएवढ्या वाटेत जाऊन बसतो, आणि मग महिनाभराने गिअर का झटका मारतो हे ब्रह्मदेवालाही सांगता येत नाही.

नवा रेडिएटर जुन्याच्या शेजारी उभा करून बघा. हे सगळ्यात स्वस्त आणि सगळ्यात दुर्लक्षित काम. एकाच गाडीचे साध्या गिअरचे आणि ऑटोमॅटिकचे रेडिएटर बाहेरून सारखे दिसतात. दुकानदाराने साध्या गिअरचा दिला तर त्यात कूलरच नसतो. मग सुरू होतो जुगाड : दोन्ही पाइप एका रबरी होसने एकमेकांना जोडायचे, तेल गेलं तसं परत. गाडी चालते. सपाटीला अलिबाग-वडखळ चालते. कशेडीच्या चढाला, नाहीतर मे महिन्यात बांधावर माती ओढताना तेल उकळतं. आणि पाण्याचा रबरी होस तेलाला चालत नाही, तो फुगतो, मऊ पडतो, सुटतो. ‘तात्पुरतं’ म्हणून केलेला हा जोड मी दोन-दोन वर्षं राहिलेला बघितला आहे.

बसवताना नट आधी हाताने तीन-चार फेरे फिरला पाहिजे. हाताने जात नसेल तर वाकडा आहे, पान्याने ढकलला तर ॲल्युमिनियमचे आटे एका फटक्यात जातात. ओ-रिंग आणि वायसर नवे. परत दोन पाने, आवळणं बेताचं. नव्या रेडिएटरच्या तोंडांत वाहतुकीसाठी बसवलेले प्लास्टिकचे बुच असतात, ते काढले का विचारा. हसू नका, राहतात.

पाणी भरताना विहिरीचं नाही. तयार कुलंट, किंवा सांगितलेल्या प्रमाणात डिस्टिल वॉटर घालून. हवा काढून टाका, मग इंजिन चालू करून गिअर ऑइलची पातळी त्या त्या मशीनच्या पुस्तकात लिहिल्याप्रमाणे तपासा. कुठे इंजिन चालू ठेवून बघतात, कुठे बंद करून. काही नव्या गाड्यांत पट्टीच नसते, खालून बोल्ट उघडून ठरावीक तापमानाला बघावं लागतं. ते गॅरेजवाल्याला जमत नसेल तर त्याने तसं सांगावं, त्यात कमीपणा नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी गार असताना दोन्ही पट्ट्या आणि बाटली परत बघा. आठवडाभर बघा.

आणि जुना गिअरबॉक्स आधीच जळलेला असेल, तर पाइप आणि वेगळा कूलर धुतल्याशिवाय नवा जोडायचा नाही. भुगा पाइपात बसलेला असतो.

पैसे कोणी द्यायचे

मालकाने पहिला फोन विम्यावाल्याला केला. उपयोग झाला नाही, आणि होणारही नव्हता. गाडीच्या नेहमीच्या विम्यात अपघाताचं नुकसान धरतात. यंत्र आपोआप बिघडणं, झीज आणि एका बिघाडातून पुढे होणारं नुकसान त्यातून वगळलेलं असतं. बांधकामाच्या मशीनच्या विम्यातही आतला यांत्रिक बिघाड साधारणपणे बाहेरच. वेगळा जादा हप्ता भरून इंजिन-गिअरबॉक्सचं कव्हर मिळतं, पण त्याच्या अटी वाचून घ्या, बहुतेक ठिकाणी पाणी शिरणं किंवा धडकेमुळे तेल गळणं असं कारण लागतं. मिस्त्रीचा पाना फिरला हे कारण त्यात नसतं.

दुसरा रस्ता ग्राहक आयोगाचा. रायगड जिल्ह्याचा आयोग अलिबागला आहे. दिलेली रक्कम ५ लाखांपर्यंत असेल तर तक्रारीला फी नाही. घटनेपासून २ वर्षांच्या आत जावं लागतं. धंद्याच्या मशीनसाठी ग्राहक म्हणून उभं राहता येतं का, हा प्रश्न समोरचा वकील पहिला काढतो. २०१९ च्या कायद्यात, स्वतः राबून पोट भरण्यासाठीच घेतलेली वस्तू ‘व्यापारी हेतू’त धरत नाहीत. चार मशीन भाड्याने फिरवणाऱ्याला तो आधार मिळणं अवघड, एका मशीनवर स्वतः बसणाऱ्याला मिळू शकतो.

पण आयोगापुढे ठेवायचं काय? आमच्या या मालकाकडे बिल नाही. रेडिएटरचं एक कच्चं बिल, तेही दुकानाचं. मजुरीची नोंद म्हणजे फोनवरून पाठवलेले पैसे, कशाचे ते लिहिलेलं नाही. गॅरेजवाला म्हणतो, “मी पाणी गळतं म्हणून रेडिएटर बदलला, गिअरला हातच लावला नाही.” आणि त्याच्या समजुतीप्रमाणे तो खरंच बोलतोय. त्याच्या लेखी ते दोन पाइप रेडिएटरचाच भाग.

म्हणून एक छोटी गोष्ट. बिलावर किंवा निदान व्हॉट्सॲपवर एवढं लिहून घ्या : गिअर ऑइलचे दोन पाइप सोडले, परत जोडले, एवढं तेल भरलं, तारीख, मशीनचे तास. लिहून घेताना गॅरेजवाल्यालाही जाणवतं की हे वेगळं काम आहे. चांगला मिस्त्री रागावत नाही. सप्टेंबर २०२५ मध्ये सुट्या भागांवरचा जीएसटी १८ टक्क्यांवर आला, आधी बऱ्याच भागांवर २८ होता. ‘बिल नको, स्वस्तात पडेल’ हे आमिष तेवढं तरी कमी झालंय. तरी बिल मागणाऱ्याकडे आपल्याकडे अजून संशयाने बघतात.

गॅरेजवाल्यांनाच दोष देऊन भागणार नाही. हायवेवर छप्पर टाकून बसलेला मुलगा कुणाच्या तरी हाताखाली पाच-सात वर्षं राबून शिकलेला असतो. त्याने साध्या गिअरचे शेकडो ट्रक उघडले असतील. त्याला टॉर्क कन्व्हर्टर कोणी दाखवला? आयटीआयत डिझेल मेकॅनिकचा एक वर्षाचा आणि मोटार मेकॅनिकचा दोन वर्षांचा कोर्स आहे, पण तो नव्या पोरांसाठी. चाळिशीतला मिस्त्री वर्षभर गॅरेज बंद करून बाकावर बसणार नाही. त्याला हवं एका रविवारचं शिक्षण : एक जुनं मशीन, एक कापून उघडा केलेला रेडिएटर, दोन पाने, आणि काम येणारा माणूस. असा माणूस आपल्याच जिल्ह्यात आहे. उरण-पनवेलच्या यार्डांत रीच स्टॅकर सांभाळणारी पोरं आपल्याच गावांतली आहेत, रोज हेच पाइप सोडतात. पण ती बंदराच्या गेटच्या आत आणि आमचे मिस्त्री गेटच्या बाहेर. मधे चाळीस-पन्नास किलोमीटर. एखाद्या आयटीआयने, ट्रक मालकांच्या संघटनेने किंवा पंचायत समितीने मनावर घेतलं तर एका मंडप-चहाच्या खर्चात होईल.

पावसाळ्याआधी तालुक्याला आपत्तीची बैठक होते, जेसीबीवाल्यांचे नंबर लिहून घेतले जातात. ३ जून २०२० ला निसर्ग वादळ श्रीवर्धन-दिवेआगरच्या बाजूने वर आलं, तेव्हा आडवी पडलेली झाडं आणि खांब बाजूला करून रस्ता मोकळा करायला अशीच मशीन फिरत होती. घाटात दरड आली तरी पहिला फोन त्यांनाच जातो. त्या यादीत नंबर असतो, मशीन धड आहे का ते नसतं. यंदा ग्रामपंचायतींनी आपापल्या गावच्या मशीनवाल्याला एवढंच विचारावं : या वर्षी रेडिएटर बदलला का, आणि बदलला असेल तर गिअर ऑइलची पट्टी कधी ओढून बघितलीस?

आमच्या बांधाचं म्हणाल तर दुसरं मशीन पेणच्या बाजूने आणलं, पौर्णिमेच्या आदल्या रात्री दहा वाजेपर्यंत माती टाकत होतो. उधाणाला थोडं पाणी झिरपलं, खांड टिकली. पहिलं मशीन अजून बांधाच्या टोकाला ताडपत्रीखाली आहे. गिअरबॉक्स खाली उतरवलाय. गॅरेजवाला मजुरी न घेता काम करायला तयार झालाय, सामानाचे पैसे कोणी किती द्यायचे यावर दोघांचं अजून जमलेलं नाही.